चौदा हजार फुटांवर तेहतीस अनारसे

लेह

दहा ऑगस्ट, गुरुवार, सकाळी साडेनऊ. सहा दिवसांचे भाडे एकोणचाळीस हजार, अनामत पंधरा हजार. हजर: मी, माझी पत्नी वसुधा आणि गाडीचे मालक नामग्याल, जे गाडी चालवणारही होते. गाडी म्हणजे टेम्पोच्या सांगाड्यावर बसवलेली एक खोली. तिच्यात दोघांचा पलंग, एक माणूस जेमतेम उभा राहील एवढे स्वयंपाकघर आणि प्रोपेन गॅसवर चालणारी चार उपकरणे होती: दोन बर्नरची शेगडी, फ्रीज, पाणी तापवायचा गीझर आणि खोली गरम करायचा हीटर.

लेहमध्ये हॉटेले भरपूर आहेत आणि आम्ही जिथे निघालो होतो त्या हानले गावात तर आमच्या मुलीचे घरच आहे. मग स्वयंपाकघर बरोबर घेऊन का फिरायचे, हे आधी सांगतो.

मी बंगळुरात बनशंकरीला सव्वीस वर्षे राहतो. एका सरकारी कारखान्याच्या मोजमाप विभागात आहे, म्हणजे लोकांची मोजायची उपकरणे बरोबर मोजतात की नाही, ते मोजतो. आमची एकुलती मुलगी मुक्ता दोन वर्षांपूर्वी दुर्बिणीच्या कामासाठी सहा महिने म्हणून हानलेला गेली आणि तिथल्याच स्टॅनझिन नावाच्या तंत्रज्ञाशी लग्न करून राहिली. लग्न नोंदणी पद्धतीने लेहला झाले. वसुधा गेली नाही, म्हणून मीही गेलो नाही. त्यानंतर चौदा महिन्यांत ती जावयाशी एक शब्द बोलली नव्हती. मुक्ताने फोन त्यांच्याकडे दिला की वसुधाचा कुकर नेमका शिट्टी द्यायचा.

यंदा अधिक महिना आला. अधिकात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देतात. एके दिवशी सकाळी स्वयंपाकघरात तांदूळ भिजत घातलेले दिसले. तांदूळ भिजले म्हणजे निर्णय झाला. तीन दिवस पाणी बदलून, सावलीत वाळवून, दळून, गूळ घालून पीठ मुरले, तेव्हा ती म्हणाली, "विमानाची तिकिटं काढा."

"इथेच तळून नेऊ या," मी म्हणालो. "अनारसे महिनाभर टिकतात."

"पहिलं वाण. जावयाला शिळं देऊ?"

"मग मुक्ताकडे तळ."

"लेकीच्या घरी जाऊन तिच्याच शेगडीवर तळू? तिला मूल होईपर्यंत मी तिच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. माझ्या आईने पाळलं, मीही पाळणार."

खालच्या मजल्यावरच्या सरोजा अक्का दारातून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "स्वल्प अ‍ॅडजस्ट करून घ्या ना वसुधा." वसुधाने ते ऐकले नाही. अधिक महिना सोळा ऑगस्टला संपत होता, पुढचा जवळजवळ तीन वर्षांनी. तेव्हा स्वतःचे स्वयंपाकघर चाकांवर घालून नेणे हा एकच मार्ग उरला आणि तो मी शोधून काढला.

पिठाचे वजन करून मी हिशेब मांडला होता: वीस ग्रॅमची एक गोळी, एकूण गोळ्या एक्केचाळीस. लागणार तेहतीस. आठ वर. आठ म्हणजे पुष्कळ झाले, असे मला वाटले.

सिंधूचा काठ

नामग्यालनी उपकरणांबरोबर एक चौसष्ट पानांची पुस्तिका आणि तपासणीचे प्रमाणपत्र दिले. पुस्तिकेच्या शेवटी तक्ता होता: बिघाड, कारण, उपाय. असा तक्ता पाहिला की मला बरे वाटते. प्रमाणपत्रही व्यवस्थित होते. चारही उपकरणे तपासून योग्य ठरली होती, चेन्नईला.

"चेन्नईला का?" मी विचारले.

"सामान उधर बंदर पे उतरा था, सर," नामग्याल म्हणाले.

पहिली रात्र लेहच्या खाली, सिंधूच्या काठावर काढायची असे ठरले होते. उन्हे उतरल्यावर मी हीटर लावला. चार मिनिटांनी तो बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा चार मिनिटे. तक्त्यात कारण मिळाले: खोलीतला प्राणवायू कमी झाल्याचे जाणवल्यास हीटर सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो. उपाय: खिडकी उघडा. मी खिडकी उघडली. चार मिनिटे. दुसरी खिडकी उघडली, मग दार उघडले. वसुधा पलंगावर दोन रजया घेऊन बसली होती. ती म्हणाली, "खोली गरम करायला सगळं उघडं टाकायचं, हे कुठल्या पानावर आहे?"

शेवटी मी हीटर उचलून बाहेर नेला आणि नदीकाठच्या वाळूत ठेवला. वर आभाळ, समोर सिंधू, चारी बाजूंना मोकळे डोंगर. हीटर चार मिनिटांनी बंद पडला. त्याच्या मते सबंध लडाख कोंदट होते. लडाखची खिडकी कशी उघडायची, हे तक्त्यात नव्हते.

फ्रीजची ज्योत पेटे आणि विझे. तासाभराने मी मापले: फ्रीजच्या आत एकोणीस अंश, बाहेर नऊ. फ्रीज ही आमच्याकडची सर्वांत उबदार जागा होती. दूध गाडीखाली ठेवले आणि वसुधाने आपले लोकरीचे मोजे फ्रीजमध्ये ठेवले.

मी नामग्यालना धीर दिला की बंगळूर स्वतःच तीन हजार फुटांवर आहे, आम्हाला उंचीची सवय आहे. ते "अच्छा" म्हणाले आणि पुढच्या सीटवर झोपायला गेले.

चुमाथांग

दुसऱ्या दिवशी सिंधूच्या कडेकडेने वर चढलो. रस्ता चांगला आहे. बंगळुरात सर्जापूर रोडच्या गर्दीत दोन तासांत जेवढी गाडी पुढे सरकते, तेवढी इथे दहा मिनिटांत सरकते. एका वळणावर डोंगर जांभळा असतो, पुढच्यावर शेवाळी, त्यापुढच्यावर विटेसारखा, आणि कुठेही झाड नाही. वसुधा खिडकीला नाक लावून बघत होती. मग म्हणाली, "आपण मुक्ताला बनशंकरीत पावसात छत्रीशिवाय सोडत नव्हतो."

चुमाथांगला नदीच्या पात्रातच उकळत्या पाण्याचे झरे आहेत. तोवर आमच्या गीझरनेही मान टाकली होती. तो धप्प आवाज करून पेटे, तीन वेळा टिकटिक करी आणि लाल दिवा लावून गप्प बसे. मी दहा फुटांवर उकळते पाणी वाहत असताना गुडघ्यांवर बसून पाऊण तास गीझर दुरुस्त केला. नामग्याल बादली भरून आणून माझ्या शेजारी ठेवून गेले.

आता उरली शेगडी. खरे तर आम्हाला तीच हवी होती. ती पेटत होती, पण ज्योत पिवळी, लांबुडकी आणि आळसटलेली. शिवाय बटण सोडले की विझे, कारण सुरक्षेच्या खटक्याला ज्योत आहे असे वाटतच नव्हते. म्हणून बटण दाबून धरावे लागे. वसुधाने घरून आणलेली लोखंडी कढई ठेवली, तूप घातले, आणि मी खाली बसून बटण धरले. पंचवीस मिनिटांत कढईचे बूड काजळाने भरले. तूप मात्र कोमटच. तरीही तिने एक अनारसा सोडून पाहिला.

तूप पुरेसे तापलेले नसले की अनारसा तुपात विरघळून पसरतो. बायका म्हणतात, अनारसा हसला. हा हसला. दुसरा सोडला, तोही हसला.

"एकोणचाळीस राहिले," मी म्हणालो.

"मला मोजता येतं," वसुधा म्हणाली.

हानले

बारा तारखेला दुपारी पोहोचलो. गाव चौदा हजार फुटांच्या वर आहे. टेकडीवर दुर्बिणीचा पांढरा घुमट, खाली हिरवे कुरण, त्यात याक आणि तुरळक घरे. मुक्ता धावत आली, आईच्या गळ्यात पडली, दोघी रडल्या. स्टॅनझिन मागे उभे होते. ते वाकून "नमस्कार आई" म्हणाले. वसुधा मुक्ताला म्हणाली, "त्यांना सांग, नमस्कार."

गाडी त्यांच्या घरापासून चाळीस पावलांवर लावली. पाच मिनिटांत विहीणबाई, म्हणजे स्टॅनझिनच्या आई, हातात थर्मास आणि लाकडी पेले घेऊन गाडीशी आल्या. त्यांना फक्त लडाखी येते. त्यांनी लोणी-मिठाचा चहा ओतला. वसुधाने हात जोडून नको म्हटले. त्या हसल्या आणि पेला पुढे केला. वसुधाने पुन्हा नको म्हटले. त्यांनी पेला हातातच दिला. वसुधाने तिसऱ्यांदा, चांगले ठासून, मान हलवून नको म्हटले. विहीणबाई प्रसन्न झाल्या. त्या मुक्ताला काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात?" वसुधाने विचारले.

"म्हणतात, तुझ्या आईला काय सुरेख वळण आहे. आजकाल इतकं कोणी नाही म्हणत नाही."

नामग्याल चाक तपासत होते. त्यांनी समजावले, "मॅडम, इधर अच्छा मेहमान पहले ना ही बोलता है. जितना ना बोलो, उतना इज्जत."

"मग खरंच नको असेल तर काय म्हणायचं?" वसुधाने हिंदीत विचारले.

नामग्यालनी विचार केला. "ऐसा तो किसी को लगा नहीं अभी तक."

चहा प्यायला गेला नाही. वसुधाने तो पेला तीन दिवस कट्ट्यावर ठेवला. विहीणबाई दिवसातून चार वेळा येऊन गार चहा टाकत आणि गरम ओतत. मी हिशेब ठेवला नाही, पण अंदाजे चार लिटर चहा आमच्या गाडीशेजारच्या गवतावर पडला असावा.

संध्याकाळी शेगडीवर आणखी एक अनारसा घालवला. अडतीस.

रविवार

तेरा तारीख पूर्ण दुरुस्तीला दिली. मी तक्ता क्रमाने वरून खाली करत गेलो. ज्योत कमजोर वाटल्यास: नळी तपासा. तपासली. बर्नर साफ करा. केला. सिलिंडर बदला. बदलला. रेग्युलेटर वाढवा. वाढवला. ज्योत अधिक लांब आणि अधिक पिवळी झाली आणि छताजवळ लावलेला गॅसचा भोंगा किंचाळू लागला. तो भोंगा आदल्या दिवशी वसुधाच्या हिंगाच्या फोडणीवरही किंचाळला होता, म्हणून मी आता त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, या विचारात पडलो. दार सताड उघडे ठेवले होते, तेवढे बरे केले होते.

प्रत्येक बदलानंतर एक अनारसा सोडून पाहायचा, अशी माझी पद्धत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर निष्कर्ष काढता येत नाही. चार बदलांत चार अनारसे हसले. मी पाचव्यासाठी हात पुढे केला तेव्हा वसुधाने डबा पोटाशी धरला.

"चौतीस राहिलेत," ती म्हणाली. "हे काय तुमच्या कारखान्यातलं मीटर आहे?"

"अजून एक वर आहे."

"त्या एकाला हात लावून बघा."

"मी पद्धतशीर..."

"तुमच्या पद्धतीनं चाललं तर जावयाला तक्ता वाढावा लागेल ताटात!" मग तिचा आवाज एकदम उतरला. "लग्नाला आले नाही मी. आता रिकाम्या हातानं त्यांच्या दारात येऊन परत जाऊ? काय सांगणार, गॅस नव्हता?"

मी पुस्तिका मिटली. तेरा तारखेला, चौदा हजार फुटांवर, चौसष्ट पाने संपली होती.

वाण

चौदाला दुपारी स्टॅनझिन झोपून उठून आले. त्यांचे काम रात्रीचे असते. मुक्ताने त्यांना सगळे सांगितले असणार. त्यांनी दारातूनच ज्योतीकडे पाहिले आणि मराठीत, शब्द जुळवत, म्हणाले, "बाबा, हवा कमी आहे. गॅस तेवढाच आहे. गॅस पण कमी पाहिजे."

आदला सबंध दिवस मी गॅस वाढवत होतो. तीस वर्षे मी दुसऱ्यांना सांगत आलो आहे की यंत्र कुठे तपासले होते, ते आधी पाहा. ते प्रमाणपत्र खरेच होते, फक्त समुद्रकाठापुरते. मी म्हणालो, "सरी." 'बरोबर' म्हणायचे ते कन्नडमध्ये म्हटले, हे बोलल्यावर लक्षात आले.

गॅस कमी करायचा म्हणजे बर्नरखालचे जेट बदलायचे. ज्या पितळी तुकड्याच्या भोकातून गॅस येतो, तो लहान भोकाचा हवा. स्टॅनझिन घरी गेले आणि दहा मिनिटांत आपल्या आईच्या एकाच बर्नरच्या लहान शेगडीचे जेट काढून घेऊन आले. आटे जुळतील का, हे मी मोजायच्या आत त्यांनी ते फिरवून बसवले. ज्योत लहान झाली, निळी झाली, आणि सुईसारखी ताठ उभी राहिली.

खटका मात्र अजून पकडत नव्हता. बटण धरून ठेवायलाच हवे होते. मी खाली बसू लागलो तर माझा गुडघा वाकेना. तीन दिवस बटण धरून तो आखडला होता. स्टॅनझिन मला बाजूला करून खाली बसले.

"अहो, ज्यांना वाण द्यायचं त्यांनाच कामाला लावायचं?" वसुधा म्हणाली. "त्यांना सांगा, उठा म्हणावं."

"आई, बटण सोडलं की विझतं," मुक्ता दाराबाहेरून म्हणाली. आत जागा नव्हती.

तूप तापले. वसुधाने खसखशीवर गोळी थापली, खसखस वर ठेवून तुपात सोडली आणि झाऱ्याने कडेने तूप उडवू लागली. अनारशाला जाळी पडली. सोनेरी झाला, उचलला, चाळणीत उभा ठेवला. मी वहीत एक रेघ मारली.

पाचव्या अनारशाला स्टॅनझिनच्या बोटाला रग लागली असावी. ज्योत थरथरली.

"धरा! सोडू नका!" वसुधा ओरडली. चौदा महिन्यांत त्यांच्याशी थेट बोललेले हे पहिले शब्द.

"हो आई."

अकराव्याला ज्योत पुन्हा हलली. "अरे, सोडू नकोस म्हटलं ना! हात बदल, हात! डावा लाव!"

"हो आई."

"आणि डोकं खाली घे, तूप उडेल."

पुढचा दीड तास जावई सासूच्या पायाशी डोके खाली घालून बसले होते आणि सासू त्यांना ओरडत होती. मुक्ता बाहेर गवतावर पाठमोरी उभी राहून हसत होती की रडत होती, ते मला दिसले नाही. चौतिसातला अठ्ठाविसावा तेवढा हसला. बाकी सगळे उत्तम झाले. तेहतीस.

चांदीचे निरांजन, ताट, ताटात तेहतीस अनारसे. स्टॅनझिनना पलंगाच्या कडेवर बसवले, पाट मावत नव्हता. वसुधा कुंकू काढत होती. तेवढ्यात विहीणबाई दारात आल्या. त्यांचा स्वयंपाक जेटवाचून अडला होता. इतका वेळ त्या निमूट थांबल्या होत्या.

वसुधा वळली, पाहुणी दारात पाहिली आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने ताट पुढे करून म्हणाली, "घ्या ना."

विहीणबाईंनी हात जोडून नको म्हटले.

"घ्या हो, एक तरी."

त्यांनी पुन्हा नको म्हटले. आणखी एकदा. मी खुणा करत होतो, पण वसुधा पेटली होती. दोन दिवस हिनेच मला चहा पाजायचा घाट घातला होता, आता माझी पाळी, असा तिचा चेहरा होता. चौथ्यांदा तिने अनारसा उचलून त्यांच्या हातातच दिला. विहीणबाईंनी तो घेतला, कपाळाला लावला आणि निम्मा चावला.

मी वहीकडे पाहिले. बत्तीस.

"आई," मुक्ता हळूच म्हणाली, "तेहतीस लागतात ना?"

वसुधाने डब्यात पाहिले. डबा रिकामा होता. विहीणबाईंनी सगळ्यांचे चेहरे पाहून मुलीला, म्हणजे माझ्या मुलीला, विचारले. मुक्ताने त्यांना लडाखीत सांगितले. त्या क्षणभर गोंधळल्या. मग उरलेला अर्धा अनारसा त्यांनी अलगद परत ताटात ठेवला, सगळ्यांच्या वर, खसखस वर करून.

उष्टा. वाणात. आमच्या घरात उष्ट्या हाताने कोणी पिण्याच्या पाण्याच्या माठाला हात लावत नाही. मी म्हणालो, "साडेबत्तीस होतात. तसं पाहिलं तर दोन टक्क्यांच्या आत..."

"तेहतीसच आहेत," वसुधा म्हणाली. "तुम्ही मोजू नका."

तिने निरांजन लावले, स्टॅनझिनना कुंकू लावले आणि ताट त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी सर्वांत आधी तो अर्धाच उचलून खाल्ला.

मग आम्ही जेट काढून परत दिले. त्याशिवाय त्या घरी चूल पेटणार नव्हती, आणि आमच्याकडे तर आता पेटणारच नव्हती. संध्याकाळी वसुधा चाळीस पावले चालून गेली आणि लेकीच्या घरी जेवली. थुक्पा, म्हणजे भाज्या आणि शेवयांचा कढ, आणि वर लोणी-मिठाचा चहा. तिसऱ्या पेल्यानंतर ती माझ्याकडे वाकून म्हणाली, "आपल्या कढीसारखाच लागतो की हो, डोळे मिटले तर." मी डोळे मिटून पाहिले. नाही लागत.

हिशेब

पंधराला लेहला परतलो. नामग्यालना ठरलेले एकोणचाळीस हजार दिले. त्यांनी अनामत पूर्ण परत केली आणि मी त्यांना तक्त्यात समासात लिहून दिले: चौदा हजार फुटांवर लहान जेट लावावे, हीटर वापरू नये, फ्रीजमध्ये मोजे ठेवावेत. मुलीकडे जेवल्याचे पैसे आमच्याकडे निघताना तिच्या हातावर ठेवतात. त्यासाठी मी पाचशे एक वेगळे काढून वसुधाकडे दिले होते. ते तिने मुक्ताला दिले नाहीत, विहीणबाईंनाही नाही. हानलेहून निघताना गाडीत चढता चढता स्टॅनझिनच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "वाणाची दक्षिणा आहे रे, नाही म्हणायचं नाही." जेवणाबद्दल कोणालाही काही दिले नाही.